‘अज्ञाना’ची जबानी

१

मिळकतीचीं जुनीं कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ‘अज्ञान’ हा शब्द नवा नाहीं. वयांत न आलेला वारस तो अज्ञान. वयांत आला म्हणजे सज्ञान. आणि मध्यंतरीं त्याच्या वतीनें जो सही करितो तो ‘अज्ञान पालनकर्ता’. सातबाराच्या उताऱ्यावर ‘अ. पा. क.’ हीं जीं तीन अक्षरें दिसतात तीं ह्याच शब्दांचा संक्षेप होत. संज्ञा सोयीची आहे व तिच्यावांचून व्यवहार चालत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या संज्ञेनें नकळत एक गोष्ट केली. वय थोडें म्हणजे ज्ञान नाहीं, असें समीकरण तिनें आमच्या मनांत रुजविलें. आणि ज्यास ज्ञान नाहीं त्यास विचारावयाचें तरी काय, हा पुढचा निष्कर्ष आम्हीं आपणच काढला.

प्रस्तुत लेखाचा विषय संकटांत सांपडलेल्या मुलाचें म्हणणें वडीलधाऱ्यांनीं ऐकावें कसें व त्याप्रमाणें वागावें कसें, हा आहे. संशोधनाच्या नियतकालिकांत हा विषय कोठून आला असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मुलाचें म्हणणें ऐकण्याची वाट धर्मशास्त्रानें व कायद्यानें हळूहळू कां होईना, पण उघडली आहे. अडथळा आतां वाटेचा राहिला नसून लेखणीचा राहिला आहे. मूल बोलतें एक आणि कागदावर उतरतें दुसरें. हा दोष ओळखण्याची विद्या जर कोणाजवळ असेल, तर ती अस्सल व नक्कल यांचा भेद पारखणाऱ्यांजवळ आहे.

२

प्रथम धर्मशास्त्राकडे वळूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत साक्षीस कोण अपात्र याची यादी दिली आहे. तींत (श्लोक ६६) वृद्धाबरोबर बालकही आहे. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत (श्लोक ७०) स्त्री, बाल, वृद्ध व जुगारी यांस एकाच ओळींत वगळलें आहे. आणि तेथें बाल म्हणजे ज्यास अद्याप व्यवहार प्राप्त झाला नाहीं तो, असा खुलासा मिताक्षराकारांनीं केला आहे. एवढेंच वाचून पुष्कळ जण ग्रंथ मिटतात, आणि आमच्या शास्त्रानें मुलाचें तोंड बंद केलें असें तरी म्हणतात, अथवा तें योग्यच केलें असें तरी म्हणतात.

परंतु पान उलटल्यावर निराळें दिसतें. मनु म्हणतो कीं, घराच्या आंत, अरण्यांत, किंवा शरीरास अपाय झाला असतां, ज्यानें प्रत्यक्ष अनुभविलें असा कोणीही साक्ष देऊं शकतो (श्लोक ६९). पुढच्याच श्लोकांत, दुसरा साक्षी नसेल तेव्हां स्त्री, बालक, वृद्ध, शिष्य, बांधव, दास वा चाकर यांनींही साक्ष द्यावी अशी मुभा आहे. त्यानंतर इशारा येतो, तो असा कीं, बाल, वृद्ध व आतुर यांची वाणी अस्थिर असते हें ध्यानांत ठेवावें (श्लोक ७१). आणि साहस, चोरी, स्त्रीसंग्रहण व दोन्ही प्रकारचें पारुष्य यांत साक्षीदारांची फार पारख करूं नये, असा शेवट आहे (श्लोक ७२). याज्ञवल्क्यही अशा अपराधांत सर्वांसच साक्षी मानतो. उलट नारद अधिक कडक आहे. इतरांस तो सवलत देतो, पण बालकास अज्ञानास्तव ह्या अपवादांतूनही वगळतो.

म्हणजे ह्या प्रश्नावर स्मृतिकारांचें एकमत नव्हतें, आणि मतभेदाचें कारणही स्पष्ट आहे. जो अपराध चव्हाट्यावर घडतो त्यास चार प्रौढ साक्षी मिळतात. जो बंद दाराआड घडतो त्यास बहुधा ज्याच्यावर तो घडला तोच एक साक्षी असतो. मुलांवरील बहुतेक अत्याचार दुसऱ्या जातीचे असतात. मनूनें ही अडचण ओळखली, हें त्याचें श्रेय. परंतु त्यानें बालकाचें ऐकणें हा नाइलाजाचा मार्ग ठेविला, हेंही तितकेंच खरें. बालकाचें धन राजानें सांभाळावें ही आज्ञा (श्लोक २७) निरपवाद आहे. बालकाचा शब्द मात्र ‘दुसरा कोणी नसेल तर’ ह्या अटीवर घ्यावयाचा आहे.

ह्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत अंगिरसाच्या कवि नामक पुत्राची कथा आहे. त्या बालकानें आपल्या वडीलधाऱ्यांस शिकवितांना ‘बाळांनो’ असें संबोधिलें. त्यांस राग आला. ते देवांकडे गाऱ्हाणें घेऊन गेले. देवांनीं निकाल दिला तो मुलाच्या बाजूनें. जो जाणत नाहीं तोच खरा बालक, असा त्याचा आशय आहे. ‘अज्ञान’ शब्दाचा हा अर्थ आमच्या दप्तरांत मात्र आला नाहीं.

३

आतां दप्तराकडे येऊं. नांव मुलाचें आणि वाणी दुसऱ्याची, याचें सर्वांत मोठें उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत सवाई माधवरावांचें आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला; हा त्यांचा पुत्र १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मला; आणि अवघ्या चाळीस दिवसांचा असतां त्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. तेव्हांपासून राज्याचा कारभार ह्या तान्ह्या मुलाच्या नांवें चालला. कारभाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्याच्या बापाचा खून राहत्या वाड्यांत झाला, त्या मुलाभोंवतीं पहारा असणें अवश्यच होतें. परंतु संरक्षणाची भिंत जसजशी उंच होते, तसतसा आंतला आवाज बाहेर येईनासा होतो, हेंही ह्या चरित्रांत दिसतें. एकविसाव्या वर्षीं शनिवारवाड्यांत वरून पडून झालेल्या दुखापतीनें २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं त्यांचा अंत झाला. तो अपघात कीं आत्मघात, हा वाद संशोधकांत फार दिवस चालला आहे व त्यांत उडी घेण्याचा आमचा विचार नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं, ज्याच्या नांवाच्या कागदांनीं रुमालचे रुमाल भरले आहेत, त्याच्या मनांत काय होतें हें आम्हांस तर्कानें ठरवावें लागतें.

दुसरें उदाहरण मुंबईचें. रखमाबाईंचें लग्न त्यांच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत, म्हणून दादाजींनीं १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत फिर्याद लाविली. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्या. पिन्हे यांनीं ती फेंटाळली. वरिष्ठ पीठानें हा निकाल फिरविला. आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्या. फॅरन यांनीं, नांदावयास जावें अथवा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडास गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या व सुरत, राजकोट येथें त्यांनीं रुग्णसेवा केली.

ह्या खटल्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्यांतील एकच गोष्ट येथें नोंदवावयाची आहे. वाद चालला तो वीस वर्षें ओलांडलेल्या, इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ ह्या टोपणनांवानें पत्रें लिहूं शकणाऱ्या विदुषीच्या इच्छेचा. अकरा वर्षांच्या रखमेस मात्र कोणीही विचारलें नव्हतें. ती बोलूं लागली तेव्हां दहा वर्षें उलटलीं होतीं. आणि जिच्याजवळ तिच्याएवढी विद्या वा धैर्य नव्हतें अशा मुलींचा शब्द तर कागदावर आलाच नाहीं. पुढें १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन तें वय दहाचें बारा झालें. त्या प्रसंगीं डॉ. भांडारकर व लोकमान्य टिळक यांनीं शास्त्रवचनांवर मोठा वाद केला. वैद्य बोलले, संपादक बोलले, सभांतून पुढारी बोलले. जिच्या संमतीचा प्रश्न, ती बालिका तेवढी बोलली नाहीं.

४

इंग्रजी कायद्याची चालही अशीच मंद आहे. १७७९ सालीं इंग्लंडांत ब्रेझियर नामक आरोपीच्या खटल्यांत सात वर्षांखालील मुलीच्या साक्षीचा प्रश्न उपस्थित झाला. तेव्हां बारा न्यायाधीशांनीं असें ठरविलें कीं, साक्षीस वयाची ठराविक मर्यादा नाहीं. शपथेचें गांभीर्य त्या मुलास कळतें कीं नाहीं एवढें पाहावें. हिंदुस्थानांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ह्याच तत्त्वास व्यापक रूप दिलें. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देण्यास जो असमर्थ नाहीं तो प्रत्येक मनुष्य साक्षीस पात्र, मग त्याचें वय कांहींही असो. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमांत आणखी एक पाऊल पडलें. पालक नेमतांना, पाल्य समजून पसंती सांगण्याइतका मोठा असेल तर न्यायालयानें ती पसंती विचारांत घ्यावी, परंतु घेतलीच पाहिजे असें नव्हे. साक्षीकडून इच्छेकडे असा हा प्रवास आहे. ‘तुझ्यावर काय घडलें?’ हा एक प्रश्न. ‘तुला काय हवें?’ हा दुसरा. पहिला विचारण्यास शतकें लागलीं. दुसरा विचारणें ऐच्छिक राहिलें.

१९२४ च्या मुंबईच्या बालक अधिनियमानें निराधार व अपराधी मुलांसाठीं निराळी व्यवस्था केली. परंतु त्या काळच्या दृष्टीनें मूल हें सांभाळावयाची वस्तु होतें, विचारावयाची व्यक्ति नव्हे. निराळी दृष्टि त्याच सुमारास पोलंडांत दिसते. वार्सा शहरीं १९१२ पासून चाललेल्या अनाथालयांत डॉ. यानुश कोर्चाक यांनीं मुलांचेंच न्यायालय स्थापिलें होतें. तेथें मुलें न्यायाधीश असत व मोठ्यांवरही फिर्याद करतां येई. ह्या अनाथालयांत जुलै १९४२ मध्यें मुलांनीं रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ नाटक केलें. वैद्याच्या आज्ञेनें, हितासाठींच, खोलींत कोंडलेल्या एका मुलाची ती कथा आहे. पुढच्याच महिन्यांत नाझी अधिकाऱ्यांनीं डॉ. कोर्चाक व सुमारें दोनशें मुलें यांस ट्रेब्लिंका येथें नेऊन ठार मारिलें. बालहक्कांचा करार असावा ही सूचना संयुक्त राष्ट्रांपुढें १९७८ सालीं पोलंडनेंच मांडली, ही गोष्ट ह्यानंतर आश्चर्याची वाटत नाहीं.

तो करार २० नोव्हेंबर १९८९ रोजीं संमत झाला व भारतानें ११ डिसेंबर १९९२ रोजीं त्यास मान्यता दिली. त्याच्या बाराव्या कलमाचा आशय असा कीं, ज्या मुलास स्वतःचें मत बनवितां येतें त्यास, त्याच्याशीं संबंध असलेल्या प्रत्येक बाबतींत तें मोकळेपणें सांगण्याचा हक्क आहे, व त्या मतास वय आणि समज यांच्या मानानें वजन दिलें पाहिजे. कराराच्या देखरेखीसाठीं नेमलेल्या समितीनें २००९ सालीं ह्या कलमावर सविस्तर भाष्य केलें. मुलास मत नाहीं असें आरंभींच गृहीत धरूं नये. आणि ऐकून घेतल्यानंतर त्या म्हणण्याचें काय केलें हें मुलास परत सांगावें, हीं त्यांतील दोन सूत्रें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात.

आमच्या देशांतही वाट रुंद होत गेली. रामेश्वर खटला म्हणून जो निकाल १९५२ च्या निकालसंग्रहांत प्रसिद्ध आहे, त्यांत आठ वर्षांच्या मुलीस शपथ दिली नव्हती. तेवढ्यानें तिची साक्ष बाद होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. आणि मुलास खरें बोलण्याचें कर्तव्य समजतें असें न्यायाधीशांस कां वाटलें, हें त्यांनीं कारणांसह लिहून ठेवावें, असाही उपदेश केला. १९९६ सालीं मुंबईंत १०९८ ह्या क्रमांकाची दूरध्वनिसेवा सुरू झाली. तीमुळें पालनकर्त्याच्या मध्यस्थीवांचून मुलास स्वतःच हांक मारतां येऊं लागली. २०१२ च्या बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या अधिनियमानें पोलीस व दंडाधिकारी यांस बांधून टाकिलें. जबानी मुलाच्या घरीं अथवा तें सांगेल तेथें घ्यावी; पोलीस अधिकारी गणवेशांत नसावा; मुलाचा विश्वास असलेलें माणूस जवळ असावें; आणि मूल जसें बोललें तसेंच लिहावें. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमांत तर मुलाचें ऐकणें व निर्णयांत त्यास सहभागी करणें हें पायाभूत तत्त्वांपैकीं एक मानलें आहे.

५

‘मूल जसें बोललें तसेंच लिहावें’ — कायद्याची ही आज्ञा वाचून हस्तलिखितांच्या अभ्यासकास भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण व्हावी. १९१९ सालीं आरंभिलेलें व १९६६ सालीं पुरें झालेलें तें कार्य ज्या शिस्तीवर उभें आहे, ती डॉ. सुखठणकर यांनीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत मांडली आहे. संपादकानें आपल्या रुचीप्रमाणें पाठ सुधारूं नये, अडखळविणारा पाठ अडखळवितो म्हणून टाकूं नये, हें तिचें सार होय. लेखकु नेहमी कठीण शब्दाच्या जागीं सोपा शब्द घालतो. तो बहुधा लबाडीनें नव्हे, तर आपणास अर्थ कळला अशा समजुतीनें घालतो. मुलाची जबानी लिहिणारा हा असाच लेखकु आहे. मूल म्हणतें, ‘मला काका आवडत नाहीं.’ लिहिणारा लिहितो, ‘मुलाचें नातलगांशीं पटत नाहीं.’ मूल एकदां एक व दुसऱ्यांदा दुसरें सांगतें. लिहिणारा दोहोंची सांगड घालून तिसरेंच लिहितो. व्याकरण सुधारतें, पुरावा नष्ट होतो.

हें आम्ही परक्याविषयीं बोलत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. शाळेचें व गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. एका शनिवारीं शाळा सुटल्यावर तो आमच्या मेजाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुरुजी, मला घरीं पाठवूं नका.’ आम्हीं कारण विचारलें. तो गप्प राहिला. आम्हीं पुन्हा, जरा दरडावून विचारलें. तेव्हां तो म्हणाला, ‘कांहीं नाहीं.’ आम्हीं त्याच्या चुलत्यास बोलावून मुलगा त्याच्या हवालीं केला, आणि वर्गाच्या नोंदवहींत स्वच्छ अक्षरांत लिहिलें, ‘विद्यार्थी अभ्यासास कंटाळतो. पालकांस समज दिली.’ तो पुढें शाळेंत आला नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्याचें नांव पटावरून कमी केलें, तेंही आमच्याच हातानें. ती नोंदवही उद्यां कोणा संशोधकास मिळाली, तर त्यास त्या मुलाविषयीं एक सुवाच्य, दिनांकित, सही असलेला आणि सर्वस्वी खोटा कागद मिळेल. त्याचें मूळ वाक्य पांच शब्दांचें होतें. तें लिहून ठेवावें असें आम्हांस, शब्दाशब्दाचा पाठ तपासण्यांत वर्षें घालविलेल्या माणसास, सुचलें नाहीं.

६

ह्यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. मुलाची वाणी अस्थिर असते असें मनूनें म्हटलें तें कांहीं उगाच नव्हे. मूल पढवितां येतें. एकच प्रश्न तीनदां विचारला तर पहिलें उत्तर चुकलें असावें असें समजून तें उत्तर बदलतें. आईबापांच्या तंट्यांत जो जवळ असेल त्याची भाषा तें बोलतें. शिवाय मुलास जें हवें तें नेहमी त्याच्या हिताचें असतेंच असें नाहीं. हें सर्व आम्हांस कबूल आहे. परंतु पोथींत प्रक्षेप सांपडला म्हणून आम्ही पोथी जाळीत नाहीं. थर निराळे करून मूळ शोधितों. मुलाचें ऐकणें म्हणजे त्याच्या प्रत्येक मागणीस मान तुकविणें नव्हे. त्याचा शब्द निर्णयाच्या ताजव्यांत खरोखर घातला जावा, व निर्णय निराळा झाल्यास कां झाला हें सांगितलें जावें, एवढेंच त्यांत अभिप्रेत आहे. अस्थिरतेचा दोषही पुष्कळदां वक्त्याचा नसून श्रोत्याचा असतो. आमच्या त्या शनिवारीं उत्तर बदललें तें दरडावणीनें.

म्हणून शिक्षक, बालकल्याण समितीचे सभासद, वसतिगृहाचे अधीक्षक, घरांतील वडील, ज्या कोणापुढें मूल येऊन उभें राहील त्यानें कागदाच्या पारखीचे नियम येथें लावावेत, अशी आमची सूचना आहे. मुलाचे शब्द आधीं लिहावे व आपला अर्थ निराळ्या ओळींत लिहावा. दोहोंची सरमिसळ करूं नये. उत्तराबरोबर प्रश्नही लिहावा, कारण प्रश्नावांचून उत्तर म्हणजे पृष्ठांक हरवलेलें पान होय. जबानी कोठें झाली, जवळ कोण होतें, मूल कोठें थांबलें, हें नोंदवावें. मौन हाही पाठच आहे. तेंच तें पुनःपुन्हा विचारूं नये. पहिली नोंद नीट केली तर त्याची गरज पडत नाहीं. लिहिलेलें मुलास त्याच्या भाषेंत वाचून दाखवावें. आणि त्याच्या म्हणण्याचें पुढें काय केलें, हें कारणांसह लिहून त्यास सांगावें. ह्यांतील शेवटचा नियम सर्वांत कमी पाळला जातो. पण ऐकलें कीं ऐकल्यासारखें केलें, याची कसोटी तोच आहे.

जुन्या महजरांवर ज्यांस लिहितां येत नसे ते आपली निशाणी करीत; कुणब्याचा नांगर तेथें उमटे, आणि अक्षरशत्रु असला तरी तो त्या कागदांत हजर असे. मुलासाठीं अशी निशाणी आमच्या परंपरेनें ठेविली नाहीं. त्याचा उच्चारलेला शब्द, जसाच्या तसा, हीच त्याची निशाणी. ‘अ. पा. क.’ ह्या तीन अक्षरांशेजारीं तिला जागा करून देणें हें पालनकर्त्याचें काम आहे. आम्हांस तें करतां आलें असतें, त्या दिवशीं आम्हीं तें केलें नाहीं. म्हणून तें पांच शब्दांचें वाक्य, इतक्या उशिरानें कां होईना, येथें नोंदवून ठेवितों.